ब्लॉक फेकू नका : पुण्यातल्या पॅथॉलॉजी विभागांना खुले पत्र

प्रति,
विभागप्रमुख, प्राध्यापक आणि निवासी डॉक्टर,
पॅथॉलॉजी विभाग,
पुण्यातील सर्व वैद्यकीय महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत तुमच्या विभागांच्या बातम्या मी आवर्जून वाचते. कुणाचा शोधनिबंध नावाजलेल्या नियतकालिकात आला, कुणा निवासी डॉक्टरला परिषदेत पोस्टरसाठी बक्षीस मिळाले, कुठे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे, म्हणजे ऊतीतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणारे, यंत्र बसले, कुठे स्लाइड स्कॅनर आला, कुठे प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाची मान्यता मिळाली. वाचून मनापासून आनंद होतो. याच शहरातल्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊती तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून निवृत्तीपर्यंत काम केले आहे. एका चांगल्या निबंधामागे किती जणांची पाठ मायक्रोटोमवर, म्हणजे ऊतीचे काप घेण्याच्या यंत्रावर, वाकलेली असते, हे मला ठाऊक आहे.

तरी हे पत्र अभिनंदनापुरते नाही. मला तुमच्याकडे एक मागणी करायची आहे. तुमच्या स्टोअरमधले जुने पॅराफिन ब्लॉक, म्हणजे रुग्णांच्या ऊतीचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे, फेकू नका आणि त्या ब्लॉकांची माहिती त्यांच्याइतक्याच काळजीने जपा. निबंध, बक्षिसे, यंत्रे, मान्यता या सगळ्यांना विभागाच्या वार्षिक अहवालात जागा असते. ब्लॉकांच्या साठ्याविषयी मात्र एक ओळही मला आजवर दिसलेली नाही. माझ्या मते विभागाची सगळ्यात मोठी कमाई हा साठाच आहे. उद्याचे संशोधन त्यातूनच निघणार आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ किंवा बायॉप्सीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये आमच्याकडे येतो. डॉक्टर त्याचे ग्रॉसिंग करतात, म्हणजे मापे घेऊन, कापून, नेमके भाग निवडून प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवतात. रात्रभर त्या कॅसेट टिश्यू प्रोसेसरमध्ये अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून फिरतात. सकाळी एम्बेडिंग होते, म्हणजे तुकडे मेणात बसवले जातात, आणि मेण थिजले की साबणाच्या छोट्या वडीएवढा ठोकळा हातात येतो. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, ते काचपट्टीवर घेऊन रंगवले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान होते. रिपोर्ट गेला की रुग्णाच्या दृष्टीने विषय संपतो. ब्लॉकमध्ये मात्र बहुतेक तुकडा शिल्लकच असतो. नीट ठेवला तर तो माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो.

अशा शिल्लक तुकड्यांची किंमत काय, हे पुण्याला बाहेरून कुणी येऊन शिकवायला नको. आपल्याकडेच एक मोठे उदाहरण घडून गेले आहे. आजच्या निवासी डॉक्टरांना ते परीक्षेपुरतेच माहीत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस हा लहान मुलांच्या यकृताचा आजार एके काळी महाराष्ट्रातल्या किती तरी घरांनी पाहिला. एक ते तीन वर्षांचे अंगाने बरे असलेले मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत हाताला कडक लागे, मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत सगळे संपे. एकाच आईची दोन-दोन मुले जात. त्यामुळे हा घराण्यातला दोष असे मानले जाई आणि त्या बाईच्या वाट्याला काय येई ते सांगायला नको. पुस्तकांत कारण ‘अज्ञात’ असे लिहिलेले असे.

या मुलांच्या यकृताच्या बायॉप्सी झाल्या. त्यावर ऑर्सिन नावाचा रंग चढवला की पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसत. तांबे धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे ते कण होते. १९७९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले की या मुलांच्या यकृतात तांबे प्रमाणापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. मग प्रश्न आला, एवढ्याशा मुलाच्या पोटात तांबे जाते कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत हा प्रश्न घराघरांत नेला. मुलाला वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, कशात ठेवले, असे त्यांनी आयांना विचारले. उत्तर पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत सापडले. भांड्याची कल्हई उडालेली असली की गाई-म्हशीचे दूध त्यातले तांबे ओढून घेते आणि दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटून ते बाळाच्या पोटात जाते. आईच्या दुधात तांबे अगदी कमी असते. त्यामुळे ज्या बाळांना वरचे दूध लवकर लागले, त्यांच्यावर हे संकट आले. १९८३ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे १९८७ साली आजारी आणि निरोगी मुलांच्या जोड्या लावून केलेली तुलना आली आणि १९९२ साली प्रतिबंधावरचा निबंध.

घरांत स्टीलची पातेली आली, सल्ला पोचला आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या कारागिरांचा यात काही दोष नव्हता. कल्हई वेळेवर झालेल्या भांड्यात दूध बिघडत नव्हते. आज पुण्यात बालरोग शिकणाऱ्या मुलीला या आजाराचा एकही रुग्ण न पाहता एमडी होता येते. याहून मोठी ‘अचीव्हमेंट’ मला तरी माहीत नाही, आणि तिच्यात सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या तपकिरी कणांचा वाटा पहिला आहे.

आता माझा मुद्दा. या आजाराचे एक कोडे अजून पूर्ण सुटलेले नाही. पितळेच्या भांड्यातले दूध पिणारी मुले असंख्य होती, आजारी त्यातली थोडीच पडली. मग काहींच्या अंगात आधीच काही कमी होते का? ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागात असाच आजार होता. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात उकळत आणि भांडी बदलल्यावर तो गेला. १९९६ साली तिथल्या अभ्यासकांनी लिहिले की नुसते तांबे पुरेसे नसावे, सोबत आनुवंशिक कमकुवतपणाही असावा. हे तपासण्याची जनुकीय तंत्रे आज पुण्यातच उपलब्ध आहेत. मग नमुने कुठून आणायचे? रोग गेला आणि त्यातली बहुतेक मुलेही गेली. त्या मुलांच्या यकृताचा तुकडा अजून कुठे असेलच तर तो सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मेणाच्या ठोकळ्यांत असेल. इतक्या जुन्या ब्लॉकमधला डीएनए तुटलेला असतो हे मान्य, पण तुटलेले छोटे तुकडे वाचूनच तर हल्लीची यंत्रे काम करतात. असे ब्लॉक कुणाच्या स्टोअरमध्ये आहेत का, हे कुणी शोधले आहे का? मी विचारते आहे कारण जुने स्टोअर कसे रिकामे होते हे मी जवळून पाहिले आहे. इमारतीची डागडुजी निघते, तपासणी जवळ येते, खोली हवी असते, आणि वर्षानुवर्षांचे ट्रे एका दुपारी टेम्पोत चढतात.

जगात इतरत्र काय झाले तेही पाहा. काँगोतल्या किन्शासा विद्यापीठाच्या पॅथॉलॉजी विभागात १९५८ ते १९६० या काळातले काही ब्लॉक राहिले होते. देश गरीब, मध्ये यादवी युद्धे, तरी ते राहिले. त्यांतल्या १९६० सालच्या एका बाईच्या लसीकाग्रंथीच्या ब्लॉकमध्ये एचआयव्ही सापडला. त्याची तुलना १९५९ सालच्या रक्ताच्या नमुन्याशी केल्यावर हा विषाणू माणसांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच पसरत असावा, असे २००८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. एड्स हे नाव जन्माला यायच्या दोन दशके आधी कुणा तंत्रज्ञाने तो ब्लॉक नंबर घालून ट्रेमध्ये लावला होता.

आणि आपल्याच गावातली राष्ट्रीय विषाणू संस्था. २००६ साली चिकुनगुन्याने देश आडवा पडला, १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. संस्थेने आपल्या साठ्यातले १९६३ ते १९७३ या काळातले विषाणू काढून नव्या विषाणूशी ताडून पाहिले, त्यात १९७३च्या बार्शीच्या साथीतलेही होते. जुने आशियाई प्रकारचे निघाले, नवा आफ्रिकी. आणि २००० साली आपल्या दौंड तालुक्यातल्या यवतला मिळालेला विषाणूही आफ्रिकी प्रकारचा निघाला. म्हणजे साथ यायच्या पाच-सहा वर्षे आधी तो सोलापूर रस्त्यावर येऊन बसला होता. फ्रीजरमधल्या त्या एका कुपीने हे सांगितले. २००० साली ती कुपी जपून ठेवणाऱ्याला त्याबद्दल कुणी प्रमाणपत्र दिले असेल असे वाटत नाही.

हे झाले संशोधनाचे. पण माझा जीव जास्त तुटतो तो जिवंत रुग्णांसाठी.

स्तनाच्या कर्करोगात एचईआर-टू या प्रथिनाची चाचणी होते आणि तिचे शून्य, एक, दोन, तीन असे गुण देतात. पूर्वी तीन म्हणजे पॉझिटिव्ह, दोन असेल तर जनुकाची वेगळी चाचणी, आणि शून्य व एक दोन्ही सरळ निगेटिव्ह. शून्य आणि एक यांत काटेकोर फरक करण्याने उपचारात काही बदलत नव्हते, त्यामुळे कुणी त्यावर फार वेळ घालवत नसे. २०२२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे औषध पसरलेल्या आणि एचईआर-टू ‘लो’ असलेल्या कर्करोगासाठी मंजूर केले. ‘लो’ म्हणजे एक, किंवा दोन असून जनुकाची चाचणी निगेटिव्ह. निगेटिव्ह ठरलेल्या असंख्य बायकांसाठी एका दिवसात जुना रिपोर्ट अपुरा झाला. औषध महाग आहे, आपल्याकडच्या बहुतेकींच्या आवाक्याबाहेर आहे, हे मी जाणते. तरी ते घ्यायचे की नाही हा विचार करायला तरी जुना ब्लॉक परत कापून पाहावा लागतो. काचपट्टीवर घेऊन ठेवलेले न रंगवलेले काप काही महिन्यांत निकामी होऊ लागतात. ब्लॉक टिकतो.

माझ्या ओळखीच्या एका बाईंचा आजार बऱ्याच वर्षांनी उलटला. मुंबईच्या डॉक्टरांनी मूळ ब्लॉक मागवला. मुलगा ज्या प्रयोगशाळेत गेला तिथे त्याला उत्तर मिळाले की जागा बदलताना जुने ब्लॉक काढून टाकले. मग यकृतातून नव्याने सुई घालून बायॉप्सी करावी लागली. आधीच थकलेल्या बाईला झालेला तो त्रास टळण्यासारखा होता. त्या प्रयोगशाळेने कोणताही नियम मोडला असेल असे मी म्हणत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीने डॉक्टरांना दाखल रुग्णांचे कागद ३ वर्षे ठेवायला सांगितले. ‘कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स’ या अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचा ब्लॉकसाठीचा दंडक १० वर्षांचा आहे. पण हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हॉर्मोनवर वाढणारा, स्तनाचा कर्करोग २० वर्षांनीही परत येऊ शकतो हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. रोग २० वर्षांनी परत येतो आणि ब्लॉक १०व्या वर्षी कचऱ्यात जातो, तर त्या नियमाला चिकटून बसण्यात शहाणपण नाही. नियम कमीत कमी किती ठेवा हे सांगतो. त्यानंतर फेकलेच पाहिजे असे तो कुठेही म्हणत नाही.

ब्लॉकासोबतची माहिती जपायला का सांगते, याचेही एक उदाहरण देते. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाचा एक प्रकार असा होता की गाठ कवचात पूर्ण बंद, बाहेर कुठे शिरलेली नाही, तरी पेशींचे केंद्रक पाहून तिला कर्करोग म्हणत. मग सगळी ग्रंथी काढा, किरणोत्सारी आयोडीन द्या, आयुष्यभर तपासण्या करा. सात देशांतल्या २४ पॅथॉलॉजिस्टांनी जुन्या स्लाइड काढल्या आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले ते तपासले. १०९ जणांवर १० ते २६ वर्षे लक्ष ठेवले गेले होते. एकालाही रोग परत आलेला नव्हता. २०१६ साली त्या गाठीला कर्करोगाच्या यादीतून काढले. जगभर किती जणांचे ऑपरेशन लहान झाले, किती जणींची झोप परत आली! यात नवे यंत्र काही नव्हते. जुन्या स्लाइड होत्या आणि त्यावरच्या नंबरावरून माणसापर्यंत पोचता येत होते, एवढेच.

आपल्याकडे दुवा तुटतो तो इथे. ब्लॉक असतो, त्याचा माणूस सापडत नाही. रजिस्टरात नाव, वय, वॉर्ड, कधी नुसतेच आडनाव. रिक्विझिशन फॉर्मवर एक ओळ : ‘लम्प, राइट ब्रेस्ट, रूल आउट मॅलिग्नन्सी’, म्हणजे उजव्या स्तनात गाठ, कर्करोग नाही ना ते पाहा. किती दिवसांपासून, आधी केमोथेरपी झाली का, घरात कुणाला होता का, तंबाखू खाते का, मिश्री लावते का, गाव कोणते, काम कोणते, सगळे रिकामे. फॉर्म भरणारा इंटर्न रात्रभर जागा असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण फॉर्म अपुरा असेल तर नमुना घेणार नाही, असे सांगण्याचा अधिकार तुमच्या विभागाला आहे. तो वापरा. सर्जरीवाले दोन आठवडे चिडतील, मग सवय होईल.

पुण्यात सत्तरच्या दशकापासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालत आली आहे. कुणाला कधी निदान झाले आणि कोण गेले हे त्या नोंदणीला कळते. तुकडा तुमच्याकडे आहे. या दोन गोष्टी एकमेकांना जोडायला किती खर्च येईल? मला एक प्रश्न सतत पडतो. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या तोंडाच्या बायॉप्सी पुण्यातल्या सगळ्या विभागांनी एकत्र मांडल्या तर काय दिसेल? सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारी-गुटख्याने तोंड आखडण्याचा आजार, घेऊन येणाऱ्यांचे वय खाली गेले की वर? कर्करोग गालात जास्त की जिभेवर? मिश्री लावणाऱ्या खेड्यातल्या बायका आणि पुडी खाणारे शहरातले तरुण यांच्या ऊतीत काही फरक आहे का? एकट्या विभागाकडे याचे उत्तर नाही, सगळ्यांकडे मिळून आहे. शहर आणि परिसरात आज अर्धा डझनाहून जास्त वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रत्येकाचा निवासी डॉक्टर आपापल्या विभागातल्या केसेस मोजून प्रबंध लिहितो, तो बांधून कपाटात जातो आणि शेजारच्या महाविद्यालयातला मुलगा तीन वर्षांनी तेच पुन्हा मोजतो. या मुलांची मेहनत मी पाहिली आहे. रात्री अकरा वाजता ट्रेमध्ये ब्लॉक शोधत बसलेली मुले आहेत ही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पाच विभागांच्या पाच विद्यार्थ्यांना एकाच प्रश्नाचे पाच भाग वाटून दिले, तर त्याच कष्टात महाराष्ट्राला उपयोगी पडेल असे काही हाती लागेल.

आता तांत्रिक बाब. ती तंत्रज्ञानेच सांगायला हवी. ब्लॉक पुढे कामाचा ठरेल की नाही, हे पहिल्या तासात ऑपरेशन थिएटरमध्ये ठरते. तुकडा शरीरातून निघाल्यावर तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे, द्रव तुकड्याच्या दहापट हवा आणि स्तनाच्या नमुन्याला किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास मिळाले पाहिजेत. फॉर्मालिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरते. आख्खा स्तन न कापता बादलीत टाकून रविवार पार केला तर सोमवारी गाठीचा मधला भाग कुजलेला असतो. त्यावर एचईआर-टू करा, ईआर ही हॉर्मोन रिसेप्टरची चाचणी करा, जनुकीय चाचणी करा, येणारे उत्तर खोटे. बफर न घातलेले स्वस्त फॉर्मालिन आम्लधर्मी होते, ऊतीवर काळपट कण सोडते आणि डीएनएची वाट लावते. बफरच्या दोन क्षारांची किंमत ती किती! तरी अनेक ठिकाणी नळाच्या पाण्यात फॉर्मालिन ओतून काम चालते. लाखो रुपयांचे यंत्र घेणाऱ्या विभागाने आधी आपल्या शल्यविभागाच्या बादलीत काय आहे ते पाहावे. थिएटरच्या सिस्टरना आणि मावशींना वर्षातून दोनदा बोलावून, चहा पाजून, हे समजावून सांगा. त्या ऐकतात. नमुना कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगतच नाही.

स्लाइड स्कॅन करून ठेवल्या की झाले, ब्लॉक कशाला, असे हल्ली ऐकू येते. स्कॅनिंगला माझा विरोध नाही. शिकवायला ते उत्तम आहे, दुसरे मत घ्यायला उत्तम आहे, आणि संगणकाला पेशी ओळखायला शिकवायचे तर आपल्या माणसांच्या स्लाइड त्यात हव्यातच, नाही तर तो परदेशातल्या स्लाइडवर शिकून आपल्यावर निदान करेल. पण चित्रातून डीएनए निघत नाही. चित्रावर उद्याचा नवा रंग चढवता येत नाही. ज्या कापाचे चित्र घेतले तेवढेच त्यात राहते. स्कॅन झाला म्हणून ब्लॉक टाकला तर परतीचा रस्ता बंद होतो.

संमतीचा प्रश्न रास्त आहे. तुकडा रुग्णाच्या शरीराचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत उरलेल्या नमुन्यांचा विचार झाला आहे. ओळख पुसून, नीतिसमितीच्या परवानगीने, जुन्या साठ्यावर काम करता येते. नव्या रुग्णांसाठी माझे म्हणणे असे की संमतीपत्रावर साध्या मराठीत दोन ओळी छापा : तुमच्या तपासणीतून उरलेला तुकडा आम्ही जपून ठेवू, पुढे तुमच्या किंवा इतरांच्या आजाराच्या अभ्यासाला तो वापरला तर चालेल का? ऑपरेशनच्या आदल्या रात्री ढीगभर कागदांवर सह्या घेताना नको, रिपोर्ट द्यायच्या वेळी, बसवून विचारा. रिपोर्ट घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांशी मी खिडकीतून बोलत आले आहे. नीट सांगितले तर बहुतेक जण हो म्हणतात. ‘दुसऱ्या कुणाला उपयोग होत असेल तर ठेवा ताई,’ हे मी ऐकले आहे. आणि जो नाही म्हणेल त्याच्या ब्लॉकवर तसा शेरा मारा.

खर्चाचे म्हणाल तर मी फार मोठे मागत नाही. पत्र्याच्या छताखाली नसलेली, उन्हाळ्यात मेण मऊ पडणार नाही अशी खोली. पॅराफिन ५६-६० अंशांना वितळते, पण त्याच्या बऱ्याच आधी ठोकळे एकमेकांना चिकटतात. उंदीर आणि मुंग्या मेण खातात, म्हणून झाकणाचे पत्र्याचे कप्पे. बारकोड. दर महिन्याला कीडनियंत्रण. आणि एक माणूस, ज्याचे पदच ब्लॉक सांभाळण्याचे असेल. आज हे काम ‘वेळ मिळेल तसे’ कुणाच्या तरी गळ्यात असते. कोण ब्लॉक घेऊन गेले, परत आणला का, याची वही अर्धवट असते. रुग्ण बाहेर उपचारासाठी ब्लॉक नेतो तेव्हा तो त्याचा हक्कच आहे, पण नोंद हवी आणि परत आणण्याची विनंती लेखी हवी.

विभागप्रमुख मॅडम, सर, निर्लेखन समितीच्या पुढच्या बैठकीत मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेल्या सेंट्रिफ्यूजसोबत जुने ब्लॉकही यादीत आले, तर ती ओळ कापा. निदान पुण्यातल्या बाकीच्या विभागांना एक पत्र पाठवून विचारा की हे कुणाला हवे आहेत का. आणि लहान मुलांच्या यकृताचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले ब्लॉक कुणाच्या स्टोअरमध्ये निघाले, तर ते वेगळे काढून कुलूप लावा.

जुनी रजिस्टरे वाचणे हल्लीच्या मुलांना जड जाते. तेव्हाचे संक्षेप वेगळे, अक्षर वेगळे, दर वर्षी नंबर एकपासून सुरू होणारे. ते आम्हाला वाचता येतात. माझ्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ पुण्यात बरेच आहेत आणि आमच्यातल्या काही जणांशी मी बोलले आहे. कुठल्याही विभागाने जुना साठा लावायला घेतला तर आम्ही सकाळी येऊन बसू, नंबर वाचून सांगू, मुलांनी संगणकात भरावेत. मानधन नको. फक्त हे काम डोळे साथ देतायत तोवर सुरू व्हावे. निरोप तुमच्याच प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञाकडे द्या. आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो, तो पोचेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ
धायरी, पुणे